उघड्या स्थानकांतील तिकीट

मुंबईच्या उपनगरी रेल्वेचे जे वैशिष्ट्य परगावाहून आलेल्या चौकस प्रवाशाच्या नजरेत प्रथम भरते, आणि रोजच्या सवयीमुळे जे आपल्याला जाणवेनासे झाले आहे, ते असे की, या रेल्वेच्या स्थानकांना रूढ अर्थाने दरवाजे नाहीत. दादरच्या पुलावर पूर्वेकडून चढून पश्चिमेस फुलबाजाराच्या अंगाला उतरणारा मनुष्य गाडीत बसावयास आला आहे, की केवळ रुळांच्या पलीकडे जावयाचे म्हणून पुलावर चढला आहे, हे ओळखणारी कोणतीही यंत्रणा तेथे उभी नाही. जिन्याच्या पायथ्याशी काळा कोट घातलेला एखादा तपासनीस, म्हणजे टीसी, उभा असला तर असतो, नसला तर नसतो. दिवसाला तीन हजारांहून अधिक फेऱ्या आणि लक्षावधी माणसे यांचा हा प्रचंड व्यवहार, आलेल्या प्रत्येकाने तिकीट काढलेले असेल या गृहीतावर चालतो. हे गृहीत बहुतांशी खरे ठरते, ही गोष्ट विनातिकीट प्रवासाविषयी लिहिताना सर्वांत आधी सांगितली पाहिजे, कारण दंडाच्या वसुलीचे मोठमोठे आकडे वाचून होणारा आपला समज नेमका याच्या उलट असतो.

जगातील शहरी रेल्वे भाडेवसुलीच्या दृष्टीने स्थूलमानाने दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारात स्थानक हा एक बंदिस्त कोट असतो. आत जाताना आणि बाहेर पडताना यंत्रास तिकीट दाखविल्याखेरीज झडप उघडत नाही. हाँगकाँगने 1997 साली, तोक्योने 2001 साली आणि लंडनने 2003 साली या कोटासाठी जी स्पर्शपत्रे आणली, त्यांची नावे आता जगभर परिचित झाली आहेत. आपल्याकडे घाटकोपर–वर्सोवा मेट्रो 2014 च्या जूनमध्ये सुरू झाली, ती पहिल्या दिवसापासून याच पद्धतीची होती. दुसऱ्या प्रकारात स्थानक मोकळे असते आणि प्रवाशाजवळ तिकीट असणे हे सर्वस्वी त्याच्या जबाबदारीवर सोडलेले असते. मध्येच केव्हातरी तपासणी होते आणि सापडेल त्याला दंड होतो. जर्मनीतील शहरी गाड्या अशा चालतात. तेथे तिकीट नसल्यास 60 युरो भरावे लागतात आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेल्यास कारावासही घडू शकतो. मुंबईची लोकल या दुसऱ्या वर्गातली आहे. मात्र जर्मनीत ही रचना धोरण म्हणून पत्करलेली आहे, आणि आपल्याकडे ती गर्दीने आणि भूगोलाने लादलेली आहे.

झडपांची दारे बसवावीत ही सूचना वारंवार पुढे येते, म्हणून तिचा हिशेब एकदा मांडून पाहणे इष्ट होईल. असे एक दार मिनिटास सुमारे पंचवीस ते तीस माणसे सोडते. बारा डब्यांच्या भरलेल्या गाडीत चार हजारांहून अधिक माणसे असतात. चर्चगेटसारख्या शेवटच्या स्थानकावर सकाळी त्यांतली तीन हजार उतरली असे धरले, आणि पुढची गाडी येण्यापूर्वी तीन मिनिटांत ती सारी बाहेर पडली पाहिजेत असे मानले, तर एका गाडीच्या माणसांसाठी चौतीस ते चाळीस दारे लागतात. आणि तेथे एका वेळी एकाहून अधिक फलाटांवर गाड्या रित्या होत असतात. हे झाले अखेरच्या स्थानकाचे. मधल्या स्थानकांवर पूल अरुंद, जिने अरुंद, आणि वाटा अनेक. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर, ज्या स्थानकास आज आपण प्रभादेवी म्हणतो तेथे, पावसाने अडलेल्या गर्दीत चेंगरून तेवीस माणसे दगावली. त्या पुलाच्या तोंडाशी यंत्रे उभी असती तर काय झाले असते, याचा विचार ज्याने क्षणभर केला, तो पाच-दहा रुपयांच्या भाड्याच्या वसुलीसाठी माणसांची वाट अडविण्याची सूचना सहजासहजी करणार नाही, असे मला वाटते.

तेव्हा दरवाजा नाही. उरते ते तिकीट. आणि या तिकिटाचा इतिहास पाहू गेल्यास एक मोठी मनोरंजक गोष्ट हाती लागते, ती ही की, रेल्वेच्या तिकिटाचा जन्म प्रवाशावरील अविश्वासातून झाला, त्याहून अधिक रेल्वेच्या स्वतःच्या कारकुनावरील अविश्वासातून झाला. इंग्लंडमध्ये 1836 साली टॉमस एडमंडसन नावाचा, लाकडी सामानाच्या धंद्यात दिवाळे निघालेला एक गृहस्थ न्यूकॅसल–कार्लाइल रेल्वेवर स्थानकप्रमुख म्हणून नोकरीस लागला. त्या काळी प्रवाशास कागदाच्या चिटोऱ्यावर हाताने लिहून पावती दिली जाई, आणि कारकुनाने किती चिटोरे लिहिले व किती पैसे पेटीत टाकले याचा मेळ घालण्यास काही साधन नसे. एडमंडसनने जाड पुठ्ठ्याचे छोटे आयताकृती तुकडे करून त्यांवर अनुक्रमांक छापले, ते क्रमाने एका नळीत रचून ठेवण्याची तजवीज केली आणि विकताना तारखेचा ठसा उमटविणारे एक लहान यंत्र घड्याळजीकडून बनवून घेतले. संध्याकाळी नळीतील पहिल्या तिकिटाचा क्रमांक पाहावा, त्यातून सकाळचा क्रमांक वजा करावा आणि उत्तरास भाड्याने गुणावे, की पेटीत किती रक्कम असली पाहिजे हे कळले. प्रवाशाला या योजनेतून मिळाली ती केवळ पावती. रेल्वेला मिळाला तो दफ्तराचा चोख हिशेब. भारतीय रेल्वेने ही पद्धत स्वीकारली आणि शतकाहून अधिक काळ चालविली; तारखेच्या यंत्रात पुठ्ठा सारताना होणारा तो ‘खट्’ आवाज आज पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक मुंबईकराच्या कानांत असेल.

पुढे जी जी साधने आली, त्या प्रत्येकाने अविश्वासाचा हा रोख थोडाथोडा प्रवाशाकडे वळविला. मासिक पास हा मात्र या परंपरेतील सन्माननीय अपवाद होय. दुसऱ्या वर्गाचे किमान भाडे 5 रुपये आहे आणि त्याच वर्गाचा सर्वांत लहान अंतराचा मासिक पास 100 रुपयांना मिळतो. महिन्याच्या पंचवीस दिवसांच्या येण्याजाण्याच्या पन्नास फेऱ्या धरल्या, तर पासधारकास एक फेरी 2 रुपयांस पडते. आता 1989 च्या रेल्वे कायद्याकडे पाहावे. त्याच्या 138 व्या कलमान्वये तिकिटाविना सापडलेल्या प्रवाशाकडून भाडे, आणि त्याखेरीज तितकीच रक्कम किंवा 250 रुपये यांपैकी जी अधिक असेल ती, वसूल करता येते. ही रक्कम न भरल्यास प्रकरण दंडाधिकाऱ्यापुढे जाते व तेथे कैदही होऊ शकते. फसविण्याच्या हेतूने केलेला प्रवास 137 व्या कलमाखाली येतो आणि त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर याने 1968 साली गुन्हा आणि शिक्षा यांविषयी जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यातील विचारसरणी या आकड्यांस लावून पाहण्यासारखी आहे. गुन्हा करणारा मनुष्य पकडले जाण्याची शक्यता आणि दंडाची रक्कम यांचा गुणाकार करून होणाऱ्या लाभाशी तो ताडून पाहतो, असे बेकरचे सूत्र आहे. 5 रुपयांचे तिकीट चुकविणाऱ्याच्या पन्नास फेऱ्यांचे भाडे 250 रुपये होते. म्हणजे महिन्यातून एकदा जरी तो सापडला, तरी त्याचा व्यवहार बरोबरीत सुटला. पण तोच मनुष्य पास काढू शकला असता, हे लक्षात घेतले, की चित्र पालटते: 100 रुपयांच्या पासापुढे 250 रुपयांचा दंड हा अडीच महिन्यांचा पास आहे, आणि अडीच महिने एकदाही टीसी भेटू नये, अशी आशा बाळगणे हे रोजच्या प्रवाशास धाडसाचेच ठरेल. म्हणून रोजचा दुसऱ्या वर्गाचा प्रवासी सहसा ‘विदाऊट’, म्हणजे तिकिटाविना, जात नाही. स्वस्त पासाने जे साधले आहे, ते दंडाने कधीच साधले नसते. विदाऊट जातो तो अवचित निघालेला, खिडकीपुढची लांबलचक रांग पाहून आणि फलाटावर लागलेली गाडी पाहून मनाशी काही ठरविणारा मनुष्य. आधीच्या पासाची तारीख उलटून गेली तरी तो नव्याने काढावयाचे राहून गेलेला मनुष्य. आणि ज्याच्याजवळ दुसऱ्या वर्गाचे तिकीट असून जो पहिल्या वर्गात किंवा वातानुकूलित गाडीत चढतो तो मनुष्य. या तिघांची मनःस्थिती निरनिराळी आहे आणि तिघांवर उपायही निरनिराळे आहेत.

पहिल्याचे दुखणे रांग हे होते, आणि इलेक्ट्रॉनिक तिकिटाचा सारा इतिहास म्हणजे ही रांग मोडण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे. त्याची पहिली पायरी म्हणजे कूपन. आधी पैसे भरून कूपनांची पुस्तिका घ्यावी, प्रवासाच्या वेळी हव्या त्या रकमेची कूपने फाडून स्थानकावरील लाल पेटीच्या फटीत सारावीत आणि तिने स्थानक, तारीख व वेळ यांचा ठसा उमटवून द्यावा, अशी ही सोय होती. सकाळच्या घाईत ती मोठेच वरदान ठरली. परंतु पेटीची शाई सुकलेली असे, ठसा अर्धवट उमटे, एक पेटी बंद म्हणून दुसरीकडे धावावे तो गाडी निघून जाई. शिवाय या योजनेत एक विलक्षण प्रकारचा चुकारपणा शक्य होता: रेल्वेस पैसे आगाऊ पोचलेले, कूपने खिशात, पण ठसा न घेताच मनुष्य गाडीत चढे आणि टीसी भेटलाच नाही तर तीच कूपने उद्यासाठी शिल्लक राहत. 2015 च्या सुमारास ही कूपने बंद झाली. तोवर पडद्यास बोट लावून तिकीट काढण्याची यंत्रे, जी एटीव्हीएम या नावाने ओळखली जातात, 2007 पासून स्थानकांवर रुळली होती.

या यंत्रांचा अनुभव जवळून पाहण्यासारखा आहे. यंत्र प्रवाशाने स्वतः चालवावे, अशी मूळ कल्पना. त्यासाठी स्मार्ट कार्ड घ्यावे, त्यात पैसे भरावेत, नकाशावर स्थानक शोधावे. प्रत्यक्षात यंत्रांची चलती झाली ती रेल्वेने तेथे नेमलेल्या सहायकांमुळे, ज्यांत रेल्वेतून निवृत्त झालेले कर्मचारी पुष्कळ होते. आपले कार्ड यंत्रावर ठेवून हा सहायक उभा असतो. समोरचा मनुष्य ‘दोन कल्याण, रिटर्न’ एवढेच म्हणतो. सहायकाची बोटे पडद्याकडे न पाहताच चार ठिकाणी टेकतात, यंत्रातून कागद बाहेर पडतो, दुसऱ्या हाताने त्याने सुटे पैसे मोजलेले असतात. कार्डात भरणा करताना मिळणारी अल्पशी सवलत हीच त्याची कमाई. ज्या यंत्राने कारकुनाची गरज संपवावी अशी अपेक्षा होती, ते एका अनुभवी माणसाच्या हाती आल्यावर कामास आले, यात तंत्रज्ञानाचा कमीपणा मी मानत नाही. सुटे पैसे, घाई आणि अक्षरओळख या तीन अडचणी यंत्राने सोडविल्या नव्हत्या, त्या या माणसाने सोडविल्या.

त्यानंतरची पायरी भ्रमणध्वनीची. रेल्वेच्या माहितीप्रणाली केंद्राने, म्हणजे ‘क्रिस’ने, तयार केलेले यूटीएस हे अ‍ॅप 2014 च्या अखेरीस मुंबईत आले, आणि पुढील वर्षी कागद न छापता केवळ पडद्यावर तिकीट दाखविण्याची मुभा मिळाली; 2025 च्या जुलैपासून रेलवन नावाच्या नव्या अ‍ॅपात ही सोय आहे. येथे रेल्वेपुढे जो प्रश्न उभा राहिला तो मुळापासून समजून घेण्यासारखा आहे. खिडकीवर तिकीट काढणारा मनुष्य गाडीत बसण्यापूर्वीच ते काढू शकतो. खिडकी गाडीत नसते. भ्रमणध्वनी मात्र गाडीतही खिशात असतो. मग मनुष्य तिकीट न काढता निघेल, आणि उतरताना जिन्याखाली काळा कोट दिसला तर तेवढ्या चार पावलांत तिकीट काढील. अशा स्थितीत तिकीट काढण्याची क्रिया प्रवासाशी निगडित न राहता तपासनीस दिसण्याशी निगडित होते, आणि सारी पद्धतच कोलमडते. म्हणून अ‍ॅप जीपीएसने आपले ठिकाण पाहते आणि रुळांपासून ठराविक अंतराच्या आत असलेल्यास तिकीट नाकारते. काढलेल्या तिकिटावर तासाभरात प्रवास सुरू करावा लागतो. ते दुसऱ्यास पाठविता येत नाही. पडद्याचे छायाचित्र ग्राह्य नाही. आणि भ्रमणध्वनीची बॅटरी संपली, तर प्रवासी विनातिकीट समजला जातो.

प्रत्येक नियमामागे कारण आहे, तथापि प्रत्येक नियम कोणा ना कोणा प्रामाणिक माणसास जाचतो. रुळांना लागून असलेल्या चाळींत राहणाऱ्यास घरात बसून तिकीट काढता येत नाही; उंच इमारतींच्या दाटीत जीपीएसचा नेम चुकतो आणि स्थानकाबाहेर उभा असलेला मनुष्य त्याच्या लेखी फलाटावर असतो. यावर तोड म्हणून स्थानकात क्यूआर संकेतचित्रे लावण्यात आली: ते चित्र टिपले की आपण प्रवेशाशी आहोत हे सिद्ध झाले, मग रुळांजवळही तिकीट मिळावे. पण भिंतीवरचे चित्र न बदलणारे असेल तर त्याचे छायाचित्र काढून खिशात ठेवता येते, आणि टीसी दिसताच ते टिपून तिकीट काढता येते. हा गैरवापर लौकरच पसरला. क्षणाक्षणाला बदलणारे संकेतचित्र हा त्यावरील उपाय होय, कारण जुन्या चित्राचे छायाचित्र मग निरुपयोगी होते. बनावट पासांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते: पडद्यावर जे दिसते ते हुबेहूब रंगविता येईल, पण तपासनिसाने आपल्या हातातील यंत्राने तो क्रमांक रेल्वेच्या मुख्य नोंदीशी ताडून पाहिला, तर जी नोंद तेथे नाही ती कोणास रंगविता येत नाही. एडमंडसनच्या अनुक्रमांकाचे सामर्थ्य येथे पुन्हा कामास येते.

आता पहिल्या वर्गाचा व वातानुकूलित गाडीचा प्रश्न. 25 डिसेंबर 2017 रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल धावली. तिचे किमान भाडे 65 रुपये होते, ते 2022 च्या मे महिन्यात 30 रुपयांवर आणण्यात आले. दुसऱ्या वर्गाच्या 5 रुपयांशी ही तफावत एवढी आहे, की बेकरचा गुणाकार येथे चुकाराच्या बाजूने कलतो. शिवाय गर्दीत दुसऱ्या वर्गाच्या डब्यात जागाच मिळाली नाही म्हणून शेजारच्या डब्यात चढलेला मनुष्य आपण अपराध करीत आहोत असे मनाशी मानतच नाही. आपण तिकीट काढले आहे, एवढेच त्यास ठाऊक असते. या गाड्यांतून तपासणी वाढली पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही, कारण अशी घुसखोरी हा जादा भाडे भरून उभ्याने प्रवास करणाऱ्यांवर उघड अन्याय आहे. पण जिन्याखालच्या तपासणीचे एक शल्य सांगितल्याखेरीज राहवत नाही. हजार माणसांतून टीसीने दहा निवडावयाची असतात, आणि तो निवडतो डोळ्यांनी: कोण थबकला, कोणी पुलाची दिशा बदलली, कोणाची पिशवी मळकी, कोणाची भाषा परगावची. अनुभवी टीसीचा अंदाज पुष्कळदा खरा ठरतो, हे मान्य केले, तरी इस्त्रीचा सदरा घातलेला चुकार त्यातून अधिक सुटतो आणि पास असलेला बिगारी अधिक वेळा अडविला जातो, हे कोणत्याही स्थानकावर पंधरा मिनिटे उभे राहणाऱ्याच्या ध्यानात येईल. सर्व वाटा रोखून प्रत्येकाचे तिकीट पाहण्याची ‘किल्लेबंदी’ त्रासाची खरी, पण या दृष्टीने ती अधिक न्याय्य होय.

मध्य रेल्वेने 2025 साली ‘लकी यात्रा’ नावाची योजना काढून, तिकीट किंवा पास असलेल्यांतून रोज एकास 10,000 रुपयांचे आणि आठवड्यातून एकास 50,000 रुपयांचे बक्षीस देण्याचा प्रयोग केला. त्यास जाहिरातीच्या जगात मोठी वाखाणणी लाभली. माझे मत विचाराल तर, जो मनुष्य तिकीट काढतो तो सोडतीच्या आशेने काढत नाही; त्यास खिडकीशी पाच मिनिटे कमी लागली, तर तेच त्याचे रोजचे बक्षीस ठरेल.

खरा प्रश्न तिकीट सहज मिळण्याचा आहे, याचा पडताळा महामारीच्या काळात आला. 2020 च्या मार्चमध्ये लोकल बंद झाली आणि 15 जूनला ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा केवळ अत्यावश्यक सेवेतील माणसांना तिकीट मिळत असे. दोन्ही लसमात्रा घेतलेल्या सर्वसामान्यांना दार मोकळे झाले ते 15 ऑगस्ट 2021 पासून. मधल्या काळात बदलापूर-विरारकडची कितीतरी माणसे कामावर जाण्यासाठी विनातिकीट चढली, आणि त्यांच्या खिशात भाड्याचे पैसे होते. खिडकी त्यांना तिकीट देत नव्हती. कोणी खोटी ओळखपत्रे केली, कोणी दंड भरला. तिकीट मिळण्याची वाट बंद केली, तर सचोटीच्या माणसासही कायद्याबाहेर जावे लागते, हे त्या महिन्यांनी दाखवून दिले.

म्हणूनच आज अ‍ॅपचा वापर वाढत असल्याचे कारण दाखवून तिकिटाच्या खिडक्या कमी करण्याचा जो कल दिसतो, त्याविषयी मला चिंता वाटते. पहाटे मासळीची पाटी घेऊन निघालेली कोळीण, चार घरी धुणीभांडी करणारी बाई, गावाहून रुग्णास घेऊन परळच्या रुग्णालयात चाललेला शेतकरी, यांच्यापाशी अ‍ॅप नसते, किंवा असले तरी त्यात पैसे नसतात. बंद खिडकीपुढे उभे राहून ते शेवटी गाडीत चढतात आणि परळच्या पुलाखाली त्यांची पावती फाडली जाते. कोणती खिडकी कोणत्या तासाला उघडी ठेवावी, हे ठरविण्यास नवी समिती नेमण्याची गरज नाही. खिडकीवरील प्रत्येक छापील तिकिटावर स्थानक, खिडकीचा क्रमांक, तारीख आणि वेळ उमटलेली असते, आणि त्या सर्वांची नोंद वर्षानुवर्षे रेल्वेच्या संगणकात साठलेली आहे. दंडाच्या पावत्यांवरही स्थानक आणि वेळ असते. या दोन्ही नोंदी रेल्वेने एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात, आणि जेथे खिडकी बंद असण्याची वेळ व पावती फाटण्याची वेळ एकमेकींस लागून येतात, तेथील खिडकीवर त्या तासापुरता एक कारकून बसवावा.